शेवटच्या सतरंजीपर्यंत

"मागं येतोय का आवाज?" असं साउंडवाल्या दीपकने माइकवरून विचारलं, तेव्हा हॉलच्या दाराशी चपलांच्या रॅकला टेकून बसलेल्या कुसाबाईंनी लहान मुलीसारखा हात वर केला आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "आला की रं बाबा! लख्ख आला! अकरा वर्सं झाली ताई वाचत्यात, आज पहिल्यांदा कळलं काय वाचत्यात ते!" हॉलमध्ये होते नव्हते ते सगळे हसले. दीपक तर सर्वांत जास्त हसला, त्याच्या कामाला यापरती पावती कोणती. सेक्रेटरी मोतीरामनानांनी टाळी वाजवली. प्रतिभाताईही हसल्या. नमुन्यादाखल त्यांनी नुकत्याच दोन ओव्या माइकवर वाचल्या होत्या आणि पोथी मिटायला हात पुढे केला होता. तो हात मात्र पोथीच्या लाल फडक्यावरच राहिला. आपण हसतो आहोत हे त्यांना कळत होतं, ओठ ताणले गेले आहेत हे जाणवत होतं, आणि जिना उतरताना एक पायरी आहे असं धरून पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी, तसं झालं होतं.

दुपारपासून काम चाललं होतं, मध्ये पाच वाजता नेहमीचा अध्याय तेवढा झाला होता. हॉल म्हणजे तरी केवढा, नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीत दोन इमारतींच्या मधल्या जागेत बांधलेला, दाटीवाटीने बसलं तर साठ माणूस मावेल एवढा. समोर दत्ताची मूर्ती, बाजूला समई, खाली पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या. कॉलनीतले बहुतेक लोक नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, हौसेने त्यांनी भिंतींनासुद्धा पांढऱ्या फरश्या लावून घेतल्या होत्या. दीपकने आत पाऊल टाकताच एक टाळी वाजवली, कान दिला आणि म्हणाला, "नाना, देवाचं न्हाणीघर केलंय तुम्ही. आवाज पार डोकं आपटून परत येतोय." मग त्याने मागच्या भिंतीवर दोन जाड सतरंज्या टांगायला लावल्या, उभे लांबट स्पीकर चारही कोपऱ्यांत लावले, एक थेट दारावर, कुसाबाईंच्या डोक्याच्या वर. पहिल्यांदा माइक चालू केला तेव्हा अशी शिट्टी वाजली की समईची वात हलल्यासारखी वाटली. प्रतिभाताईंनी तेवढ्यात ॲम्प्लिफायरला हळदकुंकू वाहिलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं आणि तांब्या उचलला, तसा दीपक धावला. "काकू, काकू! फूल ठेवा, कुंकू लावा, काय हवं ते करा, पण पाणी शिंपडू नका. देव पावेल, पण मशीन जाईल." त्याने त्यांना माइकसमोर बसवलं. हॅलो म्हणा म्हणाला, तर त्या म्हणाल्या, "पहिला शब्द हॅलो नको रे माझ्या तोंडून." "मग देवाचं नाव घ्या, मशीनला सगळं सारखंच," असं म्हणून त्याने स्वतःची चार बोटं त्यांच्या ओठांसमोर आडवी धरून अंतर दाखवलं. "एवढं. चार बोटं. जवळही नको, लांबही नको. आणि मान वर करायची नाही. तोंड हललं की आवाज पडतो." प्रतिभाताईंनी मान हलवली आणि दीपक म्हणाला, "हे बघा, लगेच पडला."

आणि मग त्या दोन ओव्या. स्वतःचा आवाज चार कोपऱ्यांतून आपल्याकडे चालत येतो आहे, हे पहिल्यांदा ऐकताना त्यांना संकोच वाटला होता. त्यांचा आवाज मुळातच बारीक. माहेरी, निफाडला, वडील म्हणायचे, देव काही बहिरा नाही, त्याच्यापुढे हळू बोलावं. सासरी आल्या तर कॉलनीत दर तिसऱ्या घरात कुणीतरी रात्रपाळी करून दिवसा झोपलेलं. बारीक आवाज आणखी बारीक झाला. जेवायला हाक मारायच्या तर हे दोनदा ओरडायचे, काय म्हणालीस? हॉलमध्ये वाचायला लागल्यावरही तसंच. रोज संध्याकाळी पाच वाजता एक अध्याय. रुळांवरून मालगाडी जायला लागली की ओवीवर बोट ठेवून थांबायचं, डबे संपले की पुढे वाचायचं. कुणी कधी तक्रार केली नाही. पुढे बसणाऱ्यांना ऐकू येत होतं, मागच्यांना पोथी पाठच असावी असं त्यांनी धरून चाललं होतं. आणि कुसाबाई? कुसाबाईंची तर त्या उदाहरणं देत आल्या. ऐकावं तर कुसाबाईंसारखं, असं त्यांनी किती जणींना सांगितलं असेल. दर ओवीला त्यांची मान हलायची, अगदी वेळेवर, जिथे अर्थ पुरा होतो तिथे.

सगळे पांगले. दीपक वायरी गुंडाळत, उद्या गुरुवार, उद्घाटनाला मी स्वतः मशीनवर थांबतो म्हणाला. कुसाबाई फुलांची पाटी डोक्यावर घेऊन चेहेडीच्या रिक्षाकडे निघूनही गेल्या. प्रतिभाताई घराकडे चालू लागल्या. तीन मिनिटांची वाट, पण आज ती संपेना. त्यांना पावसाळे आठवायला लागले. भर श्रावणातसुद्धा कधीकधी असा पाऊस लागायचा की हॉलमध्ये कुणी यायचं नाही. मोतीरामनानांचे गुडघे, बाकीच्यांच्या सबबी. अशा दिवशी पोथी उघडून बसल्यावर जीव टांगणीला लागायचा, आणि मग फाटकापाशी गोणपाटाची खोळ घेतलेली ती आकृती दिसायची. पाटी दाराबाहेर टेकवून, पायांचा चिखल पुसून कुसाबाई उंबऱ्याच्या आत बसायच्या. आल्या, आता वाचायला हरकत नाही, असं मनात म्हणून प्रतिभाताई वाचायला लागायच्या. अशा दिवशी तो एकच कान होता. आणि त्या कानावर काहीच पडलं नव्हतं.

नेम होता तो कानाचाच होता. देवापुढे रोज वाचीन, एवढाच असता तर प्रश्नच नव्हता. त्यांचे बाकीचे नेम साधे होते: सकाळी तुळशीला पाणी, गुरुवारी एकवेळ जेवण, निजण्यापूर्वी एक माळ. पण हा नेम त्यांनी हॉस्पिटलच्या जिन्यात, पाण्याच्या कूलरपाशी उभ्या राहून बोलला होता आणि त्याचे शब्दन् शब्द त्यांना पाठ होते. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या, सोमनाथरावांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. सतरा दिवस ते बेशुद्ध होते. अंजली नावाची एक नर्स होती, ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बोलत राहा मावशी. ऐकू येत असतं कधीकधी." बोलायचं काय? अठ्ठावीस वर्षांच्या संसारात गॅस संपला, दळण आणायचंय, मुलीचा फोन आला होता, याच्यापलीकडे नवऱ्याशी काय बोलतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. तोंडात येईना तेव्हा पोथी आली. उजव्या बाजूला बँडेज होतं म्हणून डाव्या कानाशी ओठ नेऊन, आत सोडायचे तेवढ्या वेळात, मशीनच्या टुकटुक आवाजाखाली त्यांनी पाठ असलेले अध्याय म्हटले. अठराव्या सकाळी सोमनाथरावांची करंगळी हलली. प्रतिभाताई बाहेर आल्या, कूलरपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, देवा, ह्यांच्या कानात घातलं तसं रोज कुणाच्या ना कुणाच्या कानावर घालीन. एकही दिवस रिकामा जाऊ देणार नाही.

आणि जाऊ दिला नव्हता. लॉकडाउनमध्ये हॉलला कुलूप लागलं तेव्हा रोज इगतपुरीला नणंदेला, शुभांगीला, फोन लावून अध्याय वाचला. पहिल्या आठवड्यात शुभांगी गहिवरली आणि दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "वहिनी, ऐकतेय मी, फक्त मध्ये कुकरची शिट्टी झाली तर उठेन हं." एकदा लग्नाला गेल्या असताना हॉटेलच्या वॉचमनला खुर्चीत बसवून वाचला. तो बिचारा कानटोपी काढून हात जोडून बसला होता. मुलगी तेजस्विनी हसायची, आई, देव एवढा कायदेशीर नसतो गं. पण तेजस्विनीने ती करंगळी पाहिली नव्हती. प्रतिभाताईंना वाटायचं, दिलेला शब्द पाळला जातो आहे म्हणून वरून काही परत मागितलं जात नाही. सोमनाथराव चालतात, बोलतात, चहात साखर कमी म्हणून कुरकुरतात, हे सगळं त्या रोजच्या अध्यायावर उभं आहे. आता त्या अकरा वर्षांत किती दिवस असे निघाले की वाचलं ते फक्त भिंतींनी ऐकलं? आणि देवाला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरीही काही परत मागितलं गेलं नव्हतं. या विचाराशी त्या थांबल्या, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीसमोर, उगाचच. गिरणीवाल्याने विचारलं, "ताई, डबा राहिला का न्यायचा?" त्या नाही म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

घरी सोमनाथराव गॅलरीत शब्दकोडं घेऊन बसले होते. समोर वाटाण्याच्या शेंगा भरलेलं सूप. शेंगा सोलायचं काम त्यांचं, डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितल्यापासून. प्रतिभाताई पाय धुऊन आल्या, दिवा लावला आणि त्यांच्याजवळ स्टूलावर बसल्या. अकरा वर्षांत त्यांनी एक प्रश्न विचारला नव्हता. सुरुवातीला हे फार अशक्त होते म्हणून, मग सवय झाली म्हणून, आणि खरं तर उत्तराच्या धास्तीने. उत्तर 'नाही' असं आलं तर नेमाच्या खालची वीटच निघाली. आज ती वीट तशीही हलली होती.

"अहो, एक विचारू का?"

"परवानगी मागतेस म्हणजे कोणीतरी राहायला येतंय. किती दिवस?"

"कोणी येत नाहीये. ते... तुम्ही हॉस्पिटलात होतात ना, त्या सतरा दिवसांत मी तुमच्या कानाशी पोथी म्हणायचे. तुम्हाला ऐकू यायचं का हो काही?"

सोमनाथरावांनी पेन्सिल खाली ठेवली. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. साडी कशी दिसते हे विचारायची सोय नव्हती. त्यांनी एक शेंग उचलली, शिरेवर अंगठा फिरवला.

"नाही गं," ते म्हणाले. "शब्द म्हणशील तर एकही नाही."

प्रतिभाताईंनी हूं म्हटलं. रस्त्यावरून भाजीची गाडी जात होती, ती जाईपर्यंत त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मालगाडी जाईपर्यंत थांबावं तशा.

"पण कान गरम व्हायचा," सोमनाथराव म्हणाले. "हा. डावा. बाकी सगळं अंग कुठे आहे तेच कळत नव्हतं. थंडीत शेकोटीशी एका अंगाने बसल्यावर कसं होतं, तसं. थोडा वेळ ऊन लागायचं, मग जायचं. गेलं की मला भीती वाटायची. वाटायचं, आता गेलं, आता येत नाही. मग परत यायचं." त्यांनी दाणे सुपात टाकले. "त्याचीच वाट बघायचो मी तिथे. दुसरं कामच नव्हतं."

"हे कधी बोलला नाहीत मला!"

"तू कधी विचारलंस? आणि आपण होऊन सांगायचं काय, माझा कान गरम व्हायचा म्हणून? लोक म्हणाले असते, डोक्यावर परिणाम झालाय." मग पुन्हा पेन्सिल उचलून, "चहा टाकतेस का? आणि साखर घाल गं माणसं घालतात तेवढी."

प्रतिभाताईंनी चहा टाकला. ओट्याशी उभ्या राहून त्यांनी स्वतःचा तळहात तोंडासमोर धरला आणि हळूच एक ओवी म्हणून पाहिली. तळहात ओलसर, उबदार झाला. एवढंच पोचत होतं तर. अर्थ नाही, नाद नाही, ज्या पुण्याईसाठी त्या अक्षर न् अक्षर जपून म्हणत होत्या ती पुण्याईही कदाचित नाही. तरी माणूस त्याच्या आशेवर सतरा दिवस थांबला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी साखर एक चमचा जास्त घातली.

पण कुसाबाईंचा कान त्याने भरून निघत नव्हता. ह्यांच्या कानाशी त्यांचे ओठ टेकले होते, कुसाबाई तर हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला. मग त्या बाईने अकरा पावसाळे तिथे बसून काय केलं? दिवसभर उन्हात फुलं विकून थकलेलं माणूस, ज्याला एक शब्द ऐकू येत नाही, ते रोज तासभर फरशीवर का बसेल? आणि मान का हलवेल? थट्टा तर नसेल? छे, कुसाबाईंना थट्टा करायची असती तर ती तोंडावर केली असती. दुसऱ्या दिवशी गुरुवारचा उपास होता. पोटात काही नसलं की प्रतिभाताईंना सगळं जरा जास्त स्पष्ट दिसायचं. त्या साडेतीनलाच फाटकापाशी गेल्या. कुसाबाई झेंडूच्या माळा ओवत होत्या, बोटं पिवळी झालेली. प्रतिभाताई त्यांच्याजवळ खालीच बसल्या आणि जन्मात कुणाशी बोलल्या नव्हत्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "कुसाबाई, तुम्हाला ऐकू येत नाही, हे कधी बोलला नाहीत?"

"आता आलं बघा ऐकाया!" कुसाबाई हसल्या. "एक कान मळ्यातल्या इंजिनानं नेला, दुसरा वयानं. बाजारात समदेच वरडत्यात ताई, तिथं बहिऱ्याचं काय अडतं? आन् तुमाला काय सांगायचं, मोठ्यानं वाचा म्हनून? देवाचं वाचनाऱ्याला का दरडवायचं असतं?"

"मग यायचात कशाला रोज?"

"बसाया." कुसाबाईंनी सुईत दोरा ओवला, दात लावून तोडला. "खरं सांगू का? सकाळधरनं शंभर मानूस येतं. पाटीत बघतं. फूल शिळं हाय का, हार पुरंल का. माझ्या तोंडाकडं कोन बघतं? तुमी एक वळ वाचायच्या आन् मान वर करून माझ्याकडं बघायच्या. परत वाचायच्या, परत बघायच्या. मला लय नवल वाटायचं. म्हनलं, ही बाई एवढं जीव लावून बघती, आपुनबी कायतरी द्यावं की नाय? मंग तुमी बघितलं की मी मान हलवायची आन् एकडाव देवाचं नाव घ्यायची. तुमची वळ, माझं नाव. असं तासात लय व्हायचं. घरी येवढं व्हतं का? घरी सुना हायत."

प्रतिभाताईंना हसू आलं आणि मग विरलं. कारण ते बघणं त्यांना चांगलं आठवत होतं. दर ओवीनंतर त्या वर बघायच्या हे खरं, पण ते जीव लावून नव्हतं. ती खातरजमा होती. कान जागेवर आहे ना, उठून गेला नाही ना, आजचा दिवस धरला जाईल ना. दुकानदार तराजूच्या काट्याकडे बघतो तसं त्या कुसाबाईंच्या तोंडाकडे बघत आल्या होत्या, आणि कुसाबाईंनी त्याची माया करून घेतली होती. वर त्यातून रोज नाव घेतलं होतं, ऐन पावसात, रिकाम्या हॉलमध्ये. आपण कुणाच्या कानावर घालत होतो, आणि घालत कोण होतं! हे त्यांना कुसाबाईंना सांगावंसं वाटलं, माफी मागावीशी वाटली, पण एवढ्या मोठ्याने ओरडून माफी कशी मागतात? त्यांनी पाटीतली एक माळ उचलली आणि नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. गाल आत गेलेले, हनुवटीवर गोंदणाचा हिरवा ठिपका. अकरा वर्षांत हा ठिपका त्यांना दिसला नव्हता.

"काय बघता?" कुसाबाई म्हणाल्या. "अजून पोथी कुठं उघडलीय?"

पाच वाजता हॉल भरला. उद्घाटन म्हणून कधी न येणारेही आले. सोमनाथराव काठी घेऊन आले आणि डाव्या भिंतीशी खुर्चीवर बसले. मोतीरामनानांनी नारळ फोडला, कुसाबाईंना पुढे खुर्ची देऊ केली. त्या नको म्हणाल्या, माझी जागा हाय, आणि दाराशी, चपलांच्या रॅकपाशीच बसल्या. डोक्यावर नवा स्पीकर. दीपक मशीनपाशी उभा राहिला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि प्रतिभाताईंनी पोथी उघडताच त्याने लांबूनच चार बोटं दाखवली. त्या माइकपासून चार बोटांवर बसल्या. वाचायला लागल्या. आवाज उठला, भरला, टांगलेल्या सतरंज्यांवर अलगद टेकला. पहिल्या ओवीतच मालगाडी आली आणि बोट ठेवून थांबायची गरज पडली नाही. शेवटच्या रांगेतल्या बायका सावरून बसल्या. किती लोक किती दिवस नुसते बसून राहिले असतील, आणि कुणी बोललं नाही, या विचाराने त्यांना भरून आलं. चांगलं झालं. दीपकचं भलं होवो. ओवी संपत आली तसं त्यांनी पापण्या उचलून दाराकडे पाहिलं. कुसाबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या मान मागे टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून, वर स्पीकरकडे बघत होत्या. साहजिकच आहे, आवाज तिथून येत होता.

प्रतिभाताईंनी दुसरी ओवी घेतली. चार बोटं. मान हलवायची नाही. ओवीचा शेवटचा चरण आला, आणि माइकसमोरून तोंड वर काढून त्या तो चरण तशाच, आपल्या मूळच्या बारीक आवाजात म्हणाल्या. चारही कोपरे एकदम रिकामे झाले. मोतीरामनानांनी दचकून मशीनकडे पाहिलं. दीपकने चार बोटं वर केली, ओठांनी काकू, माइक, असं म्हणाला. आणि दाराशी, आवाज गेला कुठे हे शोधत, कुसाबाईंची नजर स्पीकरवरून उतरली, हॉलभर फिरली आणि समोर येऊन थांबली. प्रतिभाताई त्या नजरेसाठीच थांबल्या होत्या. तो हिरवा ठिपका हलला. मान हलली. ओठ हलले, एकदाच.

मग त्यांनी पुन्हा चार बोटांवर येऊन तिसरी ओवी सुरू केली, आणि ती संपताना पुन्हा तोंड वर केलं. चौथीला तसंच. दीपकने बटणावर हात ठेवला, थोडं फिरवून पाहिलं. मग प्रत्येक वेळी काकू कुठे बघतात म्हणून त्याने वळून दाराकडे पाहिलं. बटणावरचा हात त्याने काढला आणि दोन्ही हात जोडून तो उभा राहिला. डाव्या भिंतीशी सोमनाथरावांनी आपला डावा कान हळूच चोळला.